तापमान आमच्या गावात मोजतात

मे महिन्यात इथली वर्तमानपत्रे रोज एक आकडा छापतात. कालचे कमाल तापमान इतके, नोंद चिकलठाणा वेधशाळा. हा आकडा वाचून नुसते 'बाप रे' म्हणायचे असेल, तर प्रश्न नाही. मी मात्र त्या वेधशाळेच्या अंगणातच म्हणावे इतक्या जवळ राहते आणि पहाटे तिथेच धावते. मुंबईच्या मैत्रिणी विचारतात, "मुद्दाम भाजून घ्यायला गेलीस का गं?" एका वाक्यात देता येईल असे उत्तर माझ्याजवळ नाही.

मी हिशेबाचे काम करते. ऑफिस मुंबईत. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ते घरी आले आणि परत गेलेच नाही. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत मुलगी, सासूबाई, नवऱ्याच्या औषधांच्या पेट्या आणि माझे ऑफिस मावेना. सासूबाईंच्या गुडघ्यांना दमट हवा सोसत नव्हती. मला धावायला जागा नव्हती. नवऱ्याची नोकरी फिरतीची, ती मराठवाड्यातही चालणार होती. तेव्हा एका रात्री स्वयंपाकघरात बसून आम्ही वहीत गावांची नावे लिहिली. पुणे पहिल्याच ओळीत खोडले, नाशिकची भाडी पुण्याच्या मागोमाग निघालेली. कोल्हापूरचा रंकाळ्याचा फेरा मोह पाडणारा, पण पावसाळाभर बूट वाळायचे नाहीत. नागपूर थंडीत सुरेख, मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पलीकडे. उरले औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. डोंबिवलीत अठरा हजार भाडे भरत होतो, इथे साडेनऊ हजारांत तीन खोल्या आणि गच्ची मिळाली. २०२२ च्या जूनमध्ये आम्ही ट्रक भरला.

धावणाऱ्याच्या दृष्टीने हे गाव वाटते त्याहून बरे आहे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंची, म्हणजे जवळपास पुण्याइतकीच. हवा कोरडी. अंगावरचा घाम वाळताना शरीरातली उष्णता घेऊन जातो. मुंबईच्या हवेत आधीच इतकी वाफ असते, की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो आणि आतली भट्टी पेटलेलीच राहते. इथे दहा किलोमीटरला माझी पाच मिनिटे वाचली. यात माझी कर्तबगारी कमी, हवेची जास्त. अर्थात पथ्य कडक आहे. एप्रिल-मेमध्ये पावणेपाचला बाहेर, सूर्य वर यायच्या आत घरी. दिवाळीनंतर मात्र तीन महिने असे जातात, की ऊन अंगावर घेत आठ वाजेपर्यंत धावावे.

जालना रोडवर धावणे म्हणजे ट्रकांशी शर्यत. त्यामुळे मी औद्योगिक वसाहतीतल्या आतल्या रस्त्यांवर जाते. रस्ते रुंद, कडेला कडुनिंब, पहिल्या पाळीच्या बसेस यायच्या आत चिटपाखरू नाही. कुत्री आहेत, त्यांची आणि माझी आता ओळख झाली आहे. सुरुवातीला माणसांशी ओळख व्हायला मात्र वेळ लागला. जिल्हा रुग्णालय, ज्याला सारे 'मिनी घाटी' म्हणतात, ते याच भागात. पहिल्या आठवड्यात दुधाच्या कॅनवाल्या एका काकांनी मोटरसायकल थांबवली. "कामून पळू राहिल्या ताई? घरचं कोणी अॅडमिट आहे का? बसा, सोडतो." चाळिशी ओलांडलेली बाई पहाटे विनाकारण पळते, हे त्यांना पटवून देईपर्यंत माझा घाम वाळून गेला!

गंमत अशी, की या मातीतले खरे धावणारे बाहेर जातात. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. लहानपणी शाळेसाठी कित्येक किलोमीटर पायपीट, मग सैन्य, मग अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या उंचीवर सराव. २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये आशियाई सुवर्ण. तो उन्हातून डोंगरावर गेला, मी डोंबिवलीहून उन्हात आले. विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे. पण साबळेच्या मागून येणाऱ्या मुलींनी पहाटे सरावाला कोणत्या रस्त्याने जायचे, हा प्रश्न उरतोच.

आता वहीत जो रकाना आखायचाच राहिला, त्याकडे येते. पाणी. आम्ही आलो त्या वर्षी आमच्या भागात नळ आठवड्यातून एकदा येई. एकदा म्हणजे रात्री दोनलाही. कोरड्या उन्हात वातानुकूलन यंत्र लागत नाही, कूलर पुरतो, हे आम्ही बचतीच्या बाजूला मांडले होते. पण कूलर आणि घाम यांचे शास्त्र एकच. पाणी उडाले तर गारवा. दिवसाला चार-पाच बादल्या कूलर पितो, त्यात धावून आलेल्या बाईची आंघोळ आणि कपडे. इथला उन्हाळा स्वस्त आहे, पण तो पाण्यावर स्वस्त आहे. टँकरचा वाटा धरला, तेव्हा भाड्यातली बचत उन्हाळ्याचे तीन महिने बरीच आटली.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींतून, नुसत्या उतारावर, वस्तीत आणले. आज शहर पैठणच्या जायकवाडीवर, चढावर पंप लावून जगते. नव्या जलवाहिनीचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. १६८० कोटींची योजना पुढे २७४० कोटींवर गेली. भूमिपूजनाच्या वेळी पाचवीत असलेली आमच्या गल्लीतली मुले योजनेची वाट बघत बघत दहावीला पोचली. इतक्यात शहर मात्र थांबले नाही. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. बिडकीनला टोयोटाच्या सुमारे वीस हजार कोटींच्या प्रकल्पाचा करार जुलै २०२४ मध्येच झाला होता. माणसे येणार, आणि तीही आंघोळ करणार.

यात आमच्यासारख्यांचा वाटा केवढा? संख्येने थोडा. पण आमच्या खालच्या मजल्यावर सिल्लोडकडचे एक कुटुंब होते. तो कारखान्यात कंत्राटी कामगार, भाडे सहा हजार. आम्ही घासाघीस न करता साडेनऊ दिले. मुंबईच्या मानाने ते आम्हाला फुकटच वाटले. वर्षभराने घरमालकांनी त्याला सांगितले, "वरचे देतात की." त्याने घर सोडले. पोर्तुगालने ऑक्टोबर २०२२ मध्ये दूर बसून काम करणाऱ्या परदेशी लोकांसाठी खास व्हिसा काढला. ऊन आणि स्वस्ताई शोधत माणसे लिस्बनला गेली. २०२३ मध्ये तिथले रहिवासी घरांच्या महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरले. तिथे पर्यटन आणि बाहेरचे खरेदीदार ही कारणेही मोठी आहेत, हे खरे. पण पगार एका शहराचा आणि भाडे दुसऱ्या शहराचे, हे गणित सगळीकडे सारखेच सुटते. मी काही गुन्हा केला असे मला वाटत नाही. तरी खालच्या दाराला कुलूप दिसले, त्या दिवशी मी धावायला गेले नाही.

शिवाय हे गणित टिकेलच असे नाही. टीसीएससारख्या कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून लोकांना पाचही दिवस ऑफिसात बोलावले, मग लहानांनीही तोच कित्ता गिरवला. आमच्या ऑफिसातून महिन्यातून चार दिवस येण्याचे पत्र आले आहे. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत नेली. पण तिनेही मुंबईला सहा तास लागतातच. चार दिवस जमेल. आठ झाले, तर वही पुन्हा काढावी लागेल.

सासूबाई मात्र निघायला तयार नाहीत. त्यांचे गुडघे इथे मोकळे झाले आहेत आणि त्या स्वतः आठवडी बाजारातून मेथी निवडून आणतात. करार पुढच्या महिन्यात संपतो. घरमालकांनी साडेबारा हजार सांगितले आहेत. या वेळी मी घासाघीस करणार आहे, आणि खालच्या रिकाम्या खोल्यांचे भाडे काय धरलेत, तेही विचारणार आहे.