गाळलेले अध्याय : ईयोबाची कथा मुलांना सांगताना

जुन्या करारातील ईयोबाच्या पुस्तकात ४२ अध्याय आहेत. त्यांपैकी पहिले दोन आणि अखेरच्या अध्यायातील शेवटची अकरा वचने गद्यात आहेत. मधला जवळजवळ सर्व भाग पद्यात आहे. रविवारच्या शाळेत, मुलांच्या सचित्र पुस्तकांत किंवा मूल्यशिक्षणाच्या तासाला जी ईयोबाची गोष्ट सांगितली जाते ती बहुधा या गद्य भागावरून बेतलेली असते. ऊस देशात एक सात्त्विक, संपन्न गृहस्थ होता. सैतानाने त्याची परीक्षा पाहिली. त्याची गुरेढोरे गेली, दहा मुले गेली, अंगभर फोड आले. तरी त्याने देवाला बोल लावला नाही, आणि शेवटी त्याला सारे दुपटीने परत मिळाले. दहा मिनिटांत सांगून होणारी, आरंभ-मध्य-अंत असलेली ही गोष्ट आहे. तिच्यात एकच उणीव आहे, ती म्हणजे ईयोबाचे पुस्तक तिच्यात नाही.

हे विधान अतिशयोक्तीचे वाटण्याचा संभव आहे. मुलांसाठी मोठ्या ग्रंथाचा संक्षेप करावाच लागतो. महाभारत सांगताना कोणी शांतिपर्व सांगत नाही आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करीत नाही. परंतु शांतिपर्व गाळल्याने कौरव-पांडवांच्या कथेचा अर्थ उलटा होत नाही. ईयोबाच्या बाबतीत नेमके तेच घडते. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी ईयोब तोंड उघडतो तो आपल्या जन्मदिवसाला शाप देण्यासाठी. त्यानंतर अलीफज तेमानी, बिल्दद शूही आणि सोफर नामाथी हे त्याचे तीन मित्र त्याला आळीपाळीने समजावतात. देव न्यायी आहे, निरपराध्याचा नाश होत नाही, म्हणून तुझ्या हातून काहीतरी घडले असले पाहिजे. ते कबूल कर, नम्र हो, म्हणजे तुझी भरभराट पूर्वीपेक्षा अधिक होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा सारांश आहे. ईयोब तो शेवटपर्यंत मानत नाही. तो देवाविरुद्ध फिर्याद मांडतो, आरोपपत्र दाखवा म्हणतो, समोरासमोर सुनावणी मागतो. आणि ४२व्या अध्यायात देव अलीफजाला सांगतो की, तू व तुझे दोघे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, ईयोब बोलला. मित्रांनी सात बैल व सात मेंढे घेऊन ईयोबाकडे जावे आणि त्याने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, अशी व्यवस्था होते.

आता वर्गातल्या गोष्टीकडे पाहावे. सोसत राहा, कुरकुर करू नकोस, शेवटी भले होईल हे तिचे तात्पर्य कोणाच्या तोंडी शोभते? ते ईयोबाचे नाही. ग्रंथात ज्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले त्या मित्रांच्या उपदेशाशी ते शब्दाशब्दाने जुळते. सद्भावनेने गोष्ट सांगणारे शिक्षक नकळत अलीफजाच्या आसनावर जाऊन बसतात.

ही केवळ संहितानिष्ठेची तक्रार नाही. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात एखादे मूल असे असते, की ज्याचा बाप वर्षापूर्वी गेला आहे, किंवा ज्याच्या धाकट्या बहिणीचे दुखणे प्रार्थना करूनही हटलेले नाही. श्रद्धा अढळ राहिली म्हणून ईयोबाला सारे परत मिळाले, हे वाक्य ते मूल उलट्या बाजूने वाचते : आपल्याला परत मिळाले नाही, त्याअर्थी आपली श्रद्धा कमी पडली. मुले तर्काला पक्की असतात. हा निष्कर्ष त्यांना कोणी शिकवावा लागत नाही, आणि बहुधा ती तो कोणाला सांगतही नाहीत.

मराठी मुलाच्या बाबतीत या संक्षेपाला आणखी एक कारण पोषक ठरते. ईयोब त्याच्या कानावर पडण्यापूर्वी हरिश्चंद्र पडलेला असतो. मार्कंडेय पुराणातील ही कथा कीर्तनांतून, आख्यानांतून, नाटकांतून आणि १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटातून महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेली आहे. श्रीधरांच्या 'शिवलीलामृता'तील श्रियाळ-चांगुणेची कथाही याच कुळातील. या कथांना आपल्याकडे एक समर्पक नाव आहे, ते म्हणजे सत्त्वपरीक्षा. राज्य जाते, स्मशानात डोंबाची चाकरी करावी लागते, पोटचे पोर हातचे जाते. आणि कसोटीच्या अंतिम क्षणी देव प्रकट होऊन परीक्षेचे रहस्य उलगडतात. रोहिदास उठून बसतो. चिलया हाकेसरशी धावत येतो. ईयोबाची गोष्ट सांगणारा मराठी शिक्षक ख्रिस्ती असो वा नसो, तिला या ओळखीच्या साच्यात सहज बसवतो, आणि पहिले दोन अध्याय त्या साच्यात चपखल बसतातही. दोन्ही कथांची तुलना अभ्यासकांनी पूर्वीपासून केलेली आहे, ती याच साम्याच्या आधारे.

परंतु साम्य जेथे संपते तेथूनच ईयोबाचे पुस्तक सुरू होते. हरिश्चंद्र शोक करतो, पण न्यायासाठी देवाला आव्हान देत नाही. त्याला शेवटी कळते की ही परीक्षा होती. ईयोबाला ते कधीच कळत नाही. स्वर्गीय दरबारात झालेला संवाद वाचकाला ठाऊक असतो. देव अडतिसाव्या अध्यायात वावटळीतून बोलू लागतो तेव्हाही त्याबद्दल एक अक्षर काढत नाही. आणि तिसरी गोष्ट मुलांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची : ईयोबाची मेलेली मुले उठून बसत नाहीत. त्याला पुन्हा सात मुलगे व तीन मुली होतात, पण ती दुसरी. आकडे येथे बोलके आहेत. मेंढरे ७,००० होती ती १४,००० झाली, उंट ३,००० होते ते ६,००० झाले, बैलांच्या जोड्या व गाढवी पाचपाचशे होत्या त्या हजार-हजार झाल्या. अपत्ये मात्र दहाची दहाच. पहिली दहा परलोकात आहेतच, तेव्हा हेही दुप्पटच, असे एक उत्तर जुन्या भाष्यपरंपरेत आढळते. ते चतुर आहे; पण ज्या मुलाच्या घरी खरोखरच एक मूल गेलेले आहे त्याला ते पटण्याची शक्यता कमी. 'आधीच्या मुलांचे काय?' हा प्रश्न भाष्यकारांपेक्षा मुलांनाच लवकर सुचतो, कारण गोष्ट ऐकताना ती त्या मुलांच्या जागी असतात, ईयोबाच्या नव्हे.

ईयोबाला सहनशीलतेचा पुतळा बनवण्याचे काम अर्थात मराठी शिक्षकांनी केलेले नाही. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, ईयोबाचा दाखला येतो आणि पुढील सारी परंपरा त्याच्यावर उभी राहते. तेथील ग्रीक शब्द 'हुपोमोने' असा आहे. त्याचा रोख मुकाट सोसण्यापेक्षा भाराखाली टिकून राहण्यावर, जागा न सोडण्यावर अधिक आहे. मराठीत त्याला तग किंवा चिकाटी हे शब्द जवळचे, सोशिकपणा दूरचा. सोशिकपणा हा शब्द आपल्याकडे सासुरवाशिणीला आणि बैलाला लावला जातो, आणि दोघांनीही तक्रार करू नये अशीच त्यात अपेक्षा असते. ईयोब टिकून राहिला यात शंका नाही. तो गप्प राहिला हे मात्र खरे नाही.

तेराव्या अध्यायातील पंधरावे वचन या दृष्टीने उद्‌बोधक आहे. देवाने मारले तरी मी त्याच्यावरच विश्वास ठेवीन, या आशयाचे म्हणून ते पाठ करून घेतले जाते. मूळ हिब्रू संहितेत जे लिहिलेले आहे त्याचा अर्थ 'मला आशा नाही' असा होतो. पठणाच्या परंपरेने समासात सुचवलेला पाठ घेतला तर 'मी त्याची वाट पाहीन' असा होतो. दोन्ही शब्दांचा उच्चार एकच, लेखन निराळे. आणि त्याच वचनाचा उरलेला भाग, म्हणजे तरीही मी माझी बाजू त्याच्या तोंडावर मांडीन, हा बहुधा पाठ करून घेतला जात नाही. श्रद्धा आणि तक्रार एकाच श्वासात उच्चारणारा हा पुरुष आहे. यांपैकी एक काढून दुसरी ठेवण्याचा अधिकार संक्षेपकाराला कोणी दिला?

वास्तविक मराठीत ही भाषा मुलांपर्यंत नेण्याची सोय इतर अनेक भाषांपेक्षा अधिक आहे. नामदेव, जनाबाई, तुकाराम यांनी विठ्ठलाशी केलेली भांडणे, त्याला दिलेल्या शिव्या आणि त्याच्यावर धरलेले रुसवे हे मराठी भक्तिकाव्याचे अंगभूत स्वरूप आहे. त्यामुळे त्यांच्या श्रद्धेला बाध आला असे कोणी मानीत नाही. १६३०च्या सुमारास दख्खनेत पडलेल्या भीषण दुष्काळात तुकारामांची पत्नी व मुलगा गेले असे परंपरा सांगते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले होते, ते सर्वश्रुत आहे. त्या वाटेवर 'गाऱ्हाणे' हा शब्द पडलेला आहे. कोकणात देवाला गाऱ्हाणे घालतात ते त्याच्यावर विश्वास उरला नाही म्हणून नव्हे. वारकऱ्याचे भांडण माउलीशी आहे, ईयोबाचे न्यायाधीशाशी. हा भेद पुसून टाकण्याचे कारण नाही. पण ईयोबाने देवाजवळ गाऱ्हाणे मांडले, असे म्हटले तर आठ-नऊ वर्षांच्या मराठी मुलाला ते समजावून सांगावे लागणार नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे आठवल्यावाचून राहत नाही. आईवडील दुष्काळात गेले, मग बहीण, भाऊ, विवाहानंतर दोन वर्षांच्या आत पती. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. अशा आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ही स्त्री केडगाव येथे मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करीत होती. एप्रिल १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. ईयोबाच्या भाषांतराचा अभ्यास मराठीच्या विद्यार्थ्यांनी करावयाचा तर आरंभ तेथून करता येईल. विविध मराठी भाषांतरांतील तिसरा अध्याय शेजारी शेजारी ठेवून पाहणे हा स्वतंत्र प्रबंधिकेचा विषय आहे.

याविरुद्ध एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. लहान मुलाला आधी आधार हवा, प्रश्न नंतर. पायाच घालताना तो हलवून पाहू नये. शिवाय वर्ग अर्ध्या तासाचा, मुले पाच ते बारा वर्षांची, शिकवणारी स्त्री आठवडाभर नोकरी करून रविवारी आलेली. तिच्याकडून ३९ अध्यायांच्या काव्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, गोष्टीचा सुखान्त संक्षेप एकदा मनात बसला की पुढे मूळ ग्रंथाकडे वळण्याची गरज बहुतेकांना वाटत नाही. आणि सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांना ही गोष्ट न सांगण्याचा मार्ग मोकळाच आहे. देव आणि सैतान यांच्यात एका माणसावरून पैज लागते, हे त्या वयात ऐकण्याची निकड नाही. (मूळ हिब्रूत हा 'सैतान' विशेषनाम नसून दरबारातील आरोप करणाऱ्याचे पद आहे, मराठी चित्रांत त्याला शिंगे आणि शेपूट येतात ती नंतरच्या परंपरेतून.)

थोड्या मोठ्या मुलांसाठी मात्र ग्रंथानेच साहित्य पुरवलेले आहे. मित्र येतात, ईयोबाला ओळखतही नाहीत, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात; कोणी एक शब्द बोलत नाही. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटचे हे दृश्य मुलांच्या आवृत्त्यांत घाईने उरकले जाते, कारण त्यात काही 'घडत' नाही. पण दुःखी सोबत्यापाशी कसे बसावे हे मुलांना दाखवणारे याहून चांगले दृश्य सापडणे कठीण. मित्र चुकले ते त्यानंतर, बोलू लागले तेव्हा.

आणि अडतीस ते एकेचाळीस हे अध्याय! तेथे देव ईयोबाच्या एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. तो त्याला सृष्टी दाखवतो. गारांची कोठारे, रानबकऱ्यांची वीण, कोणाच्याही ताब्यात न येणारे रानगाढव, जमिनीवर अंडी टाकून निघून जाणारी आणि धावू लागली की घोड्यालाही हसणारी शहामृगी, लढाईचा वास येताच खिंकाळणारा घोडा, आणि मग बेहेमोथ व लिव्याथान ही अजस्र जनावरे. या लिव्याथानाला दोरी बांधून तुझ्या मुलींना खेळायला देशील का, असेही देव मध्येच विचारतो. संपूर्ण बायबलमध्ये मुलांच्या मनाला इतके जवळचे पद्य क्वचित असेल. आणि मुलांसाठी म्हणून काढलेल्या आवृत्त्यांतून पहिल्यांदा गाळले जाते ते हेच. त्याऐवजी धड्याखालच्या प्रश्नांत ईयोबाजवळ उंट किती होते ते विचारलेले असते.

उत्तराऐवजी हे वर्णन का, याचा उलगडा विद्वानांनाही एकमताने झालेला नाही, आणि शिक्षकाने तो वर्गात केलाच पाहिजे असे नाही. ईयोबाने विचारले, ते देवाने ऐकले, विचारल्याबद्दल त्याला दूर लोटले नाही, एवढे ग्रंथाच्या आधाराने निःशंकपणे सांगता येते. दहा मुलांविषयी कोणी विचारलेच, तर ती परत आली नाहीत हेही त्याच ग्रंथात लिहिलेले आहे. नंतर झालेल्या तीन मुलींची नावे तेथे दिलेली आहेत : यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूक. बापाने त्यांना भावांबरोबर वारसा दिला, असेही नमूद आहे. आधीच्या दहा जणांपैकी एकाचेही नाव नाही.