जतचा सातबारा कन्नडमध्ये, मग निपाणीचा उतारा मराठीत का नाही?

वाचताय तोवर मोबाईलवर एक काम करा. महाराष्ट्राची महाभूलेख साईट उघडा. जिल्हा सांगली, तालुका जत, गाव कुठलंही. तिथं भाषा निवडायची सोय आहे आणि त्यात कन्नड आहे. म्हणजे ज्या जतच्या गावांवर 2022 मध्ये कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी दावा सांगितला, तिथल्या कन्नड शेतकऱ्याला आपल्या सातबाऱ्यावरचं नाव कन्नड लिपीत वाचता येतं. चांगलंच आहे, तो त्याचा हक्क आहे.

आता कर्नाटकची 'भूमी' साईट उघडा. जिल्हा बेळगावी, तालुका निपाणी. आरटीसी येईल ती कन्नडमध्ये. चिकोडी टाका, खानापूर टाका, तेच. मराठीचा पर्याय नाही.

सीमाप्रश्नावर भाषण ठोकणाऱ्या प्रत्येकानं आधी हे करून बघावं असं माझं मत आहे. बोर्डावरची भाषा सगळ्यांना दिसते, त्यावर आंदोलनंही होतात. उताऱ्यावरची भाषा दिसत नाही, आणि जमीन जाते ती तिथून. वारसा नोंदीला हरकत घ्यायची नोटीस कन्नडमध्ये येते, आज्जी ती ट्रंकेत ठेवून देते, मुदत संपते. वाटणीपत्रात कुणाच्या वाट्याला किती गुंठे लिहिलेत ते बाँड रायटर सांगेल तेच खरं. सही आपली, वाचन दुसऱ्याचं. आमच्या घरात एका हिश्श्याच्या क्षेत्रातली चूक अशीच बरीच वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती.

ही भिंत काही परंपरेनं आलेली नाही. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत चिकोडी आणि कागल एकाच मुंबई राज्यात होते. मोजणीची भाषा तीच, एकर-गुंठा. मग रेघ पडली. तिकडं एकत्रीकरण होऊन गट नंबर आले, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये गेलं. इकडं रि. स. नंबर आणि एकर-गुंठा राहिला. तिकडं फेरफार, इकडं म्युटेशन. दूधगंगेच्या दोन्ही काठांवर एकाच कुटुंबाची शेतं आहेत, पण त्यांचे कागद एकमेकांना ओळखत नाहीत. कागलला शेत घ्यायचं म्हटलं तर शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, आणि तो पुरावा कन्नडमध्ये! आधी भाषांतर करा, मग पुढचं बोला.

कुणी म्हणेल, ही दोन राज्यं आहेत, असं चालायचंच. नाही चालायचं. राज्यघटनेत जमीन आणि जमीन महसुलाच्या नोंदी राज्य सूचीत आहेत हे खरं (18 आणि 45 क्रमांक). पण दस्त नोंदणी समवर्ती सूचीत आहे, सहाव्या क्रमांकावर. नोंदणीचा कायदा 1908 चा आणि केंद्राचा. त्याचं कलम 65 काय सांगतं? एका दस्तातली जमीन एकाहून जास्त जिल्ह्यांत असेल, तर नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यानं दस्ताची प्रत दुसऱ्या जिल्ह्याच्या निबंधकाकडं पाठवायची. इंग्रजांना टपालानं जे जमवायचं होतं, ते आज सर्व्हरनं का जमू नये? कर्नाटकात 2024 पासून जिल्ह्यातल्या कुठल्याही उपनिबंधक कचेरीत दस्त नोंदवता येतो. म्हणजे तंत्र आहे, फक्त ते राज्याच्या रेघेपाशी थांबतं.

त्याच कायद्याचं कलम 19 तर प्रत्येकानं पाठच करावं. अधिकाऱ्याला कळत नसलेल्या, आणि त्या जिल्ह्यात सर्रास वापरात नसलेल्या भाषेतला दस्त असेल तरच तो भाषांतराशिवाय नाकारायचा. दोन्ही अटी लागतात. बेळगाव जिल्ह्यात मराठी वापरात नाही असं कोण म्हणणार? कुठल्या जिल्ह्यात कुठली भाषा वापरातली मानायची हे ठरवायचा अधिकार कलम 69 नं नोंदणी महानिरीक्षकाला दिलाय. आपल्या जिल्ह्याच्या यादीत काय आहे, हे आपण कधी विचारलंय?

आणि पैसा कुणाचा? जमिनीच्या नोंदींच्या आधुनिकीकरणाची केंद्राची योजना 2008 पासून आहे, 2016 पासून पूर्ण केंद्राच्या खर्चानं. तिच्यातच पुण्याच्या सी-डॅकच्या मदतीनं नोंदी आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत वाचता याव्यात असं काम सुरू झालं. मराठी त्या 22 मध्ये आहे. बेळगाव जिल्हा भारतात आहे. मग अडतंय कुठं?

आता आपल्याच लोकांचा मुद्दा. काही ज्येष्ठ म्हणतात, "कर्नाटकाकडं मराठी उतारा मागणं म्हणजे कर्नाटक मान्य करणं." त्यांच्या त्यागाचा मान ठेवून सांगतो, हे पटत नाही. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तेव्हा जन्मलेलं पोर आज मतदान करतंय. निकाल लागेपर्यंत आज्जीनं न वाचता अंगठा द्यायचा का? वीजबिल भरतो, रेशन घेतो, त्यानं दावा बुडाला नाही. वाचता येणाऱ्या उताऱ्यानंही बुडणार नाही. आणि मराठीतला उतारा मिळाला म्हणून कन्नड शेजाऱ्याचं काडीचं नुकसान नाही. त्याचा कन्नड उतारा त्याला मिळतच राहील.

तर कामाला लागू. निवेदन मराठीतच द्या. घटनेचं कलम 350 तो हक्क देतं. जिथं 15 टक्क्यांवर भाषिक अल्पसंख्याक आहेत, तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत काढायच्या हे राज्यांनी मिळून मान्य केलेलं आहे, तेही निवेदनात लिहा. प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना पाठवा. कलम 69 च्या यादीसाठी मात्र माहिती अधिकाराचा अर्ज करा. तो मराठीत चालणार नाही, कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच आहे (बघा, इथंही तेच). कर्नाटकच्या नियमानं अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. दोन विषय घातले तर परत येईल.

निवेदनासोबत आपल्या आरटीसीची झेरॉक्स जोडा आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.