पिकाला विमा, घराला पंचनामा

१७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री नांदेडच्या मुखेड तालुक्यातल्या हसनाळ, रावणगाव, भासवाडी या लेंडी धरणाजवळच्या गावांत पाणी शिरलं. माणसं गेली, गोठ्यात बांधलेली जनावरं दगावली, मदतीला लष्कर बोलवावं लागलं. सप्टेंबरात मांजरा, तेरणा आणि गोदावरीने लातूर-नांदेडला पुन्हा झोडपलं. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं.

चर्चा झाली ती सोयाबीनची आणि खरडून गेलेल्या जमिनीची. ती व्हायलाच हवी होती. पण घर आणि दुकान गमावलेल्यांचं काय? आपत्ती निवारणाच्या निकषांत पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, तर अंशतः पडलेल्याला अवघे साडेसहा हजार रुपये. दुकानदाराला पॅकेजमध्ये कमाल ५० हजार. दिवाळीचा माल भरून ठेवलेल्या किराणावाल्याचं नुकसान त्यात भरून निघत नाही.

विम्याची सोय नाही असं नाही. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ आणि लहान उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या ठरावीक पॉलिसी आहेत. दोन्हींत पूर येतो. पण त्या गावोगाव पोचलेल्या दिसत नाहीत. पीकविम्यात सरकार हप्त्याचा वाटा उचलतं, तसाच वाटा राज्याने पूररेषेजवळच्या घरांचा आणि दुकानांचाही उचलावा. सुरुवात सरकारी घरकुलांपासून करता येईल.

भरपाई कशावर ठरवायची, हा कळीचा मुद्दा आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. मांजराकाठच्या गावात मात्र धनेगावच्या धरणाचे दरवाजे उघडले की कोरड्या दिवशीही पाणी येतं. नांदेडच्या सखल वस्त्यांचं विष्णुपुरी धरणाशी तेच नातं. म्हणून निकष नदीच्या पातळीचा हवा, मंडळातल्या पावसाचा नको.

आणि योजना दरवर्षीच्या मर्जीवर नको. एक रुपयातला पीकविमा २०२३ च्या खरिपात आला, २०२५ मध्ये बंद झाला. स्थानिक आपत्तीची भरपाईही त्यासोबत गेली. अमेरिकेत १९६८ पासून सरकारी पूरविमा आहे, पण त्याला ठरावीक मुदतीने संसदेची मंजुरी लागते. ३० सप्टेंबर २०२५ ला ती मुदत संपली आणि ठप्प झालेलं सरकारी कामकाज पुन्हा सुरू होईपर्यंत नव्या पॉलिसी थांबल्या.

राज्याने कायदा करूनच ही योजना आणावी, आणि पुढच्या जूनच्या आत आणावी. लातूर-नांदेडच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात ही मागणी एकमुखाने लावून धरावी.