आम्ही का लिहितो?

आमच्यापैकी कोणी आपल्या आयुष्याची हकीकत लिहिली की साहित्यमंदिरातील पुजारी तत्काळ विचारतात, ‘यात वाङ्मय ते कोठे आहे? हे तर तुमचे खाजगी रडगाणे!’ पूर्वी हा आक्षेप उघडपणे घेतला जाई. आज तो सौम्य शब्दांत घेतला जातो, इतकाच फरक. सबब त्याला स्वच्छ उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची सहा प्रयोजने सांगितली आहेत : यश, धन, व्यवहारज्ञान, अमंगळाचे निवारण, वाचताक्षणी लाभणारा परमानंद आणि प्रिय पत्नीने गोडीने करावा तसा उपदेश. म्हणजे कीर्तीसाठी व द्रव्यासाठी लिहिणे शास्त्राला मान्य! राजाश्रयास राहून लिहिले तर ते वाङ्मय. आणि पाणवठ्यावरून हाकलून दिलेल्या माणसाने आपली तहान लिहिली तर ते मात्र रडगाणे! हा न्याय कोणता? या यादीत एक प्रयोजन नाही. ते म्हणजे साक्ष. ते असणार तरी कसे? ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्या हाती लेखणी जाऊ नये, अशीच त्या समाजाची व्यवस्था होती.

लेखणी हाती येताच काय घडले ते पाहा. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. त्या कोवळ्या मुलीने स्वतःचे कौतुक मागितले नाही. तिने मांगमहारांचे दुःख मांडले आणि ज्यांना धर्मग्रंथ पाहण्याचीही मनाई आहे त्यांचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल केला.

बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे लेखनही याच जातीचे आहे. १९०१ साली वडिलांना भेटावयास निघालेल्या त्यांना व त्यांच्या सोबतच्या मुलांना गाडीवान विटाळाच्या भयाने गाडीतून नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतःच गाडी हाकली. आणि जवळ अन्न असूनही पाणी न मिळाल्यामुळे ती रात्री उपाशी निजली. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी माणसाला उमगावे, यासाठी बाबासाहेबांनी स्वतःचे व इतरांचे असे अनुभव लिहून ठेवले. या लेखनातील ‘मी’ हा साक्षीदाराचा ‘मी’ आहे. त्याला खाजगी म्हणणे म्हणजे न्यायालयातील जबानीला गप्पा म्हणणे होय.

साक्षीदार मुका राहिला तर काय होते, हे आपण धर्मांतराच्या बाबतीत पाहिलेच आहे. ‘हे लोक सवलतींच्या लोभाने बौद्ध झाले,’ असे म्हणणारे आजही भेटतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशान्वये बौद्ध झालेल्या माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नव्हता. तो १९९० च्या दुरुस्तीने मिळाला. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांना आपल्या निर्णयाची किंमत केंद्रीय सवलतींच्या बाबतीत चौतीस वर्षे मोजावी लागली. हाती असलेले गमावूनही त्यांनी माणुसकी पत्करली. परंतु त्यांपैकी किती जणांनी आपला हेतू स्वतःच्या हाताने लिहून ठेवला? फारच थोड्यांनी. ती मोकळी जागा मग निंदकांनी भरून काढली.

आता थोडे घरातले बोलू. आमच्यातही शाल-श्रीफळावर डोळा ठेवून लिहिणारे निपजले आहेत. व्यासपीठावर समतेचा घोष करावयाचा आणि घरातील स्त्रीच्या हातात वही दिसली की कपाळाला आठ्या घालावयाच्या, हाही प्रकार आम्हांस अपरिचित नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी आपले छोटे दुकान सांभाळीत लेखन केले आणि ते कागद वर्षानुवर्षे घरात लपवून ठेवले. १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून ‘जिणं आमुचं’ क्रमशः प्रसिद्ध झाले आणि १९८६ साली त्याचे पुस्तक निघाले. आपलीच कहाणी आपल्याच घरात लपवावी लागावी, याची लाज बाईला नव्हे, घराला वाटली पाहिजे.

म्हणून नुकतीच दीक्षा घेतलेल्या प्रत्येक कुटुंबास आमचे आग्रहाचे सांगणे आहे. घरात एक वही ठेवा. दीक्षेची तारीख लिहा, गाव लिहा. जुने देव का सोडले, त्या दिवशी कोण सोबत आले, कोणी बोलणे टाकले, हे लिहा. आजीला अक्षरओळख नसेल तर तिने सांगावे, नातीने उतरून घ्यावे. भाषा अलंकृत नसली तरी चालेल. परंतु एकही शब्द खोटा असता कामा नये. पंचशीलातील चौथे शील लेखणीलाही लागू आहे.

आपण धर्म का बदलला, हे आपल्या मुलांनी निंदकाच्या तोंडून ऐकावे की आपल्या वहीत वाचावे, याचा निर्णय प्रत्येक घराने आजच करावा.