उतरण नको, पण टाकाऊतून घडलेली नवी फ्रेम चालेल

कळमेश्वरच्या बाजारात एका चष्म्याच्या दुकानात आम्ही बसलो होतो. आपल्याच वस्तीतली एक बाई नववीतल्या मुलीला घेऊन आली. मुलीला फळ्यावरचे दिसत नव्हते. नंबर निघाला, फ्रेमा पाहणे सुरू झाले. बोलता बोलता टाकाऊ प्लास्टिकपासून बनणाऱ्या नव्या फॅशनच्या चष्म्यांचा विषय निघाला. बाई ताडकन म्हणाली, "लोकाईचं फेकलेलं माह्या पोरीच्या डोळ्यावर काऊन जी?"

या प्रश्नाला हसू नये. आपल्या आज्यांनी दुसऱ्यांची उतरण नेसून दिवस काढले. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना नीटनेटके राहायला आणि अस्पृश्यतेच्या खुणा अंगावरून टाकून द्यायला सांगितले. तेव्हापासून नवे, स्वच्छ कापड आपल्यासाठी मानाची गोष्ट झाली. बाईचा राग त्याच मानातून आलेला आहे. पण तिच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली, ती मात्र सोडवली पाहिजे.

पहिली गोष्ट, कुणी वापरून दिलेला चष्मा. ही खरी उतरण, आणि तिला आमचा सरळ विरोध आहे. तो मान-अपमानापेक्षा डोळ्यांसाठी आहे. प्रत्येकाचा नंबर वेगळा, दोन बाहुल्यांमधले अंतर वेगळे, तिरपा नंबर असेल तर त्याचा कोनही वेगळा. दुसऱ्याच्या चष्म्याने डोके दुखते, डोळे थकतात आणि माणूस चष्मा घालणेच सोडतो. दान म्हणून जुने चष्मे वाटणाऱ्यांना नम्रपणे सांगावे, आधी डोळे तपासा, मग चष्मा द्या.

दुसरी गोष्ट, टाकाऊ माल वितळवून घडवलेली नवी फ्रेम. ती कुणी घातलेली नसते. पुण्यात अनिश मल्पानी यांच्या अशाया कंपनीने २०२३ साली चिप्सच्या रिकाम्या पाकिटांपासून गॉगल बनवले. एका गॉगलला साधारण पाच पाकिटे. या पाकिटांत प्लास्टिकचे आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून भंगारवालाही ती घेत नाही. नालीत अडकणारी ती वस्तू कामी येत असेल तर त्यात कमीपणा कसला?

आमचा प्रश्न वेगळा आहे. ती पाकिटे वेचते कोण? पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यात बहुसंख्य दलित स्त्रियाच आहेत. कचऱ्यातून देखणी वस्तू बनते आणि चांगल्या भावाने विकली जाते, तेव्हा वेचणाऱ्या बाईच्या पदरात किती पडले हे विचारण्याचा हक्क आपल्याला सगळ्यांत आधी आहे. तिला वाजवी मोल मिळत असेल तर अशी फ्रेम अभिमानाने घालावी. नसेल, तर ती नुसती फॅशन.

फ्रेम कशाचीही असो, दिसते भिंगातून. नेहमीची सीआर-३९ जातीची भिंगे एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाहीत, त्यामुळे पुनर्वापराची गोष्ट मुख्यतः फ्रेमपुरतीच असते. पैसे मोजके असतील तर फ्रेमवर कमी आणि भिंगावर जास्त खर्च करावा. खेळत्या मुलांना पॉलिकार्बोनेटची भिंगे घ्यावीत, ती सहसा फुटत नाहीत. उन्हाचा गॉगल घेताना अतिनील किरणांपासून संरक्षण आहे का ते विचारावे. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि संरक्षण नसेल तर जास्तच किरण आत शिरतात.

म्हणून देखणेपणा फालतू आहे असे नाही. फ्रेम आवडली नाही तर मुलगी ती दप्तरात ठेवते आणि फळा पुन्हा धूसर होतो. तिला तिच्या आवडीची फ्रेम निवडू द्या. "चष्म्यामुळे लग्न कसे जमेल?" ही चिंता घरातून हद्दपार करा.

आईनेही स्वतःचे डोळे तपासून घ्यावेत. चाळिशीनंतर सुईत दोरा जात नाही, तांदळातले खडे दिसत नाहीत. आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचे चष्मे दिले, तेव्हा त्यांचे काम सुमारे २२ टक्क्यांनी वाढले, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. चष्मा ही मजुराची अवजारेच समजा. घरात कुणाला शुगर असेल तर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदाही तपासून घ्यावा.

शाळेत येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मुलांचे डोळे पाहते, आणि अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना मोफत चष्म्याची तरतूद आहे. मुख्याध्यापकांकडे विचारणा करा, तो आपला हक्क आहे. दुकानातून घेणार असाल तर पक्के बिल मागा. सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. नंबरचा कागद घरी जपून ठेवा.

त्या दिवशी दुकानात पुनर्वापराची फ्रेम नव्हतीच. मुलीने निळी साधी फ्रेम निवडली. निघताना आईने दुकानदाराला एकच विचारले, "नंबर बरोबर हाय ना जी?" आम्हाला वाटते, पहिला प्रश्न हाच असावा. आणि दुसरा, ज्या दिवशी तशी फ्रेम कळमेश्वरात येईल त्या दिवशी विचारायचा: वेचणारीला काय मिळाले?