शर्यतीच्या गाडीला नंबर प्लेट!

१९९३ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात एक अजब गाडी उभी होती. बसायला वाकावं लागेल एवढी बुटकी, इंजिन पाठीमागे आणि आत चामड्यानं मढवलेल्या दोन सीट्स! म्हणायला रस्त्यावर चालवायची मोटार. पण जाणकारांनी तिला ओळखलंच. ती होती पोर्शे ९६२, चोवीस तासांच्या शर्यती गाजवलेली गाडी. योखेन डाउअर या जर्मन रेसिंग ड्रायव्हरनं तिला जणू माणसांत आणलं होतं. रस्त्यावरच्या उंचवट्यांना पोट घासू नये म्हणून गाडी वर उचलणारं हायड्रॉलिक सस्पेन्शन बसवलं, थोडंसं सामान ठेवायची सोयसुद्धा केली!

श्रीमंतांची हौस म्हणून हा विषय तिथंच संपला असता. पण पोर्शेचे इंजिनिअर नॉर्बर्ट झिंगर यांच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं.

फ्रान्समधल्या ल मान्स गावी दरवर्षी चोवीस तासांची शर्यत होते. गाडी एकच, ड्रायव्हर आळीपाळीनं. तिथं १९८२ ते १९८७ अशी सलग सहा वर्षं पोर्शेच्या ९५६ आणि ९६२ याच गाड्या जिंकल्या. पुढे खास शर्यतीसाठी बांधलेल्या अशा गाड्यांना संयोजकांनी लगाम घातला. रस्त्यावरच्या मोटारींपासून बनवलेल्या ‘जीटी’ गाड्यांना मात्र सवलती दिल्या. १९९४ मध्ये जीटी गाडीला पेट्रोलची टाकी १२० लिटरची, तर दुसऱ्या गटाला फक्त ८० लिटरची! रस्त्यावरच्या अशा किती मोटारी बनवायच्या, याबद्दल नियम गप्प होता.

झिंगर यांनी नेमकं तेच हेरलं. शर्यतीच्या गाडीची रस्त्यावरची मोटार झाली होतीच. आता त्या मोटारीची पुन्हा शर्यतीची गाडी! कसलेल्या पैलवानानं हौशी गड्यांत नाव नोंदवून आखाड्यात उतरावं, तसलाच हा प्रकार.

तरीही विजय काही आयता मिळाला नाही. शर्यत संपायला सुमारे दीड तास उरला होता आणि पुढे होती टोयोटा. या गाडीचा एक ड्रायव्हर, रोलंड रॅट्झेनबर्गर, दीड महिन्यापूर्वीच इमोलाच्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या पात्रता फेरीत मरण पावला होता. त्याच्या जागी एडी अर्व्हाईन आला होता. ऐन वेळी टोयोटाच्या गिअरची जोडणी तुटली. जेफ क्रॉसनॉफनं खाली उतरून हातानं गिअर टाकला आणि गाडी कशीबशी पिटपर्यंत आणली. दुरुस्तीत वेळ गेला तो गेलाच. डाउअर पोर्शे ३४४ फेऱ्या मारून जिंकली. टोयोटाच्या ३४३ भरल्या. विजेते होते यानिक दालमास, मॉरो बाल्डी आणि ४६ वर्षांचे हर्ली हेवूड. हेवूड यांचा हा तिथला तिसरा विजय.

याला लबाडी म्हणायचं का? नियम तर एकही मोडला नव्हता. पण जीटी गटात खरोखर रस्त्यावरच्या मोटारी घेऊन आलेल्यांना काय वाटलं असेल! संयोजकांनी पुढच्या वर्षापासून ही वाट बंद करून टाकली.

डाउअर यांनी अशा मोटारी केल्या त्या डझनभराच्या आसपास. त्यांतली एक १९९८ मध्ये जर्मनीतल्या चाचणी ट्रॅकवर ताशी ४०४ किलोमीटर वेगानं पळाली. सामानाच्या सोयीसकट!