पोर चहा-बिस्किटावर खूश? मग जरा थांबा

'आमचं पोर काय, चहा-बिस्किटावरही खूश असतं,' असं कौतुकानं सांगणारी घरं गावोगाव आहेत. चहात पोषण नाहीच, वर जेवणाच्या आगेमागे घेतला तर तो भाजी-डाळीतलं लोहही अंगी लागू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत शंभरांतली ६९ रक्तक्षयाची निघाली. तेव्हा हे दुखणं फक्त मेळघाट-नंदुरबारचं समजू नका. डब्यात वेफर्स नेणारी शहरातली पोरंही त्यात आहेत.

गुटगुटीत मुलाच्या अंगातही रक्त कमी असू शकतं. त्याची खालची पापणी ओढून पाहा, तळहात पाहा. फिके दिसतात? खेळताना लवकर दमतं, किरकिर करतं, माती-खडू खातं? मातीसाठी धपाटे घालू नका, डॉक्टरांकडे न्या. दिवेलागणीनंतर अडखळत असेल तर 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. त्यानंतर मात्र नुसतं वरणाचं पाणी पाजून भागत नाही. डाळ भांड्याच्या तळाशी राहते आणि बाळाला पाणी मिळतं! घट्ट वरणभात कुस्करून, वर चमचाभर तूप किंवा तेल घालून भरवा. घरात चालत असेल तर अंडं, मासळी द्या. नसेल तर उसळ, शेंगदाण्याचं बारीक कूट, पालेभाजी, आणि त्यावर लिंबू. वर्षानंतर दिवसभर दुधावरच राहणारं मूलही लोहाला मुकतं. महागड्या पावडरींचे डबे, माझ्या मते, बहुतेक घरांत फुकटचा खर्च आहेत.

अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्या. लोहाच्या औषधानं शी काळी होते, तेवढ्यानं घाबरून ते बंद करू नका. जंतनाशक गोळी आणि नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतचे 'अ' जीवनसत्त्वाचे डोस चुकवू नका.

अंगणवाडीताईंच्या पट्टीवर सहा महिन्यांपुढच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पावलं सुजून अंगठ्यानं दाबल्यावर खळगा राहिला, तर 'बाळसं धरलंय' म्हणत बसू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि पोषण पुनर्वसन केंद्राची चौकशी करा.